गोठ्यातल्या शेणाचे गांडूळखत: शेण मुरवण्यापासून खत चाळण्यापर्यंत

आमचा गोठा माण तालुक्यातला. दोन संकरित गाई, एक म्हैस, एक खिलार खोंड आणि दहा-बारा शेळ्या. पहिल्या वर्षी चैत्रात मी ताज्या शेणाने बेड, म्हणजे गांडूळखताचा वाफा, भरला, वर दोन किलो गांडुळे सोडली, गोणपाट टाकले आणि घरी आलो. सकाळी जाऊन बघतो तर गांडुळे बेडाच्या कडेवर, बांबूंवर, खाली फरशीवर पसरलेली आणि त्यांना मुंग्या लागलेल्या. बेडात कोपरापर्यंत हात घातला तर आत धरवेना, इतके शेण तापले होते. ज्यांच्याकडून गांडुळे विकत आणली त्यांनी "शेण टाका, पाणी मारा, दोन महिन्यांत खत" एवढेच सांगितले होते. शेण आधी थंड करायचे असते, हे कोणी बोलले नव्हते.

म्हणून या लेखात सगळ्यांत जास्त जागा मी शेण मुरवण्याला दिली आहे. गांडूळखताचे बहुतेक बेड तिथेच फसतात. बाकीची कामे सोपी आहेत, ती हाताला आपोआप लागतात.

शेतातले गांडूळ बेडात चालत नाही

पावसाळ्यात बांधावर दिसणारी गांडुळे गोळा करून बेडात सोडली तर चालतील का, असे पुष्कळ जण विचारतात. चालत नाहीत. ती बहुतेक मातीत खोल बिळे करून राहणारी आणि माती खाणारी असतात. बेडाला लागतात ती पृष्ठभागावर राहून कुजका पालापाचोळा आणि शेण खाणारी गांडुळे.

आपल्याकडे सर्वांत जास्त वापरले जाते ते आयसेनिया फेटिडा. तांबूस रंगाचे, अंगावर पिवळसर आडवे पट्टे, लांबी साधारण बोटाएवढी. हातात घेऊन जरा डिवचले की उग्र वासाचा पिवळट द्रव सोडते, ही त्याची पक्की खूण. थंडी-ऊन दोन्ही बऱ्यापैकी सोसते. दुसरे युड्रिलस युजिनी, मूळ आफ्रिकेचे. आकाराने मोठे, जांभळट चमकदार, खाते भराभर, पण थंडीला हळवे आणि हाताळलेले त्याला सोसत नाही. पेरिओनिक्स जातीची देशी गांडुळेही चांगली आहेत. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने त्यांच्यातलेच एक गांडूळ 'जयगोपाल' या नावाने पुढे आणले. नव्याने सुरू करणाऱ्याने आयसेनियाच घ्यावे, असे माझे मत आहे.

एक किलोत साधारण हजारभर मोठी गांडुळे येतात. वीस-पंचवीस किलो एकदम विकत घेऊ नका. एक-दोन किलो आणा, जुन्या टबात किंवा अर्ध्या कापलेल्या पिंपात मुरलेल्या शेणावर दोन-तीन महिने वाढवा. त्या काळात संख्या साधारण दुप्पट होते आणि आपला हातही बसतो. गांडुळाच्या अंगावर तोंडाकडच्या बाजूला फुगीर पट्टा दिसला की ते वयात आले. प्रत्येक गांडूळ नर आणि मादी दोन्ही असते, तरी अंडी धरायला सहसा जोडी लागते. अंड्यांचे कोष ज्वारीच्या दाण्याएवढे, लिंबाच्या आकाराचे, आधी पिवळसर आणि फुटायच्या आधी तांबूस होतात. एका कोषातून दोन-चार पिल्ले निघतात. कोष फुटायला सुमारे तीन आठवडे आणि पिल्लू वयात यायला आणखी दीड-दोन महिने. विकत घेताना नुसती मोठी गांडुळे निवडून न देता कोषांसकट, खतासकट देणारा माणूस बघा. मोठ्यांतली काही प्रवासात मरतात, कोष मात्र तग धरतात.

आपल्या गोठ्याला किती बेड लागतील

संकरित गाय किंवा म्हैस दिवसाला १५ किलो आणि त्याहून जास्त शेण टाकते, गावठी जनावर ८ ते १०. आमच्या चार जनावरांचे रोजचे पन्नास किलो धरा, म्हणजे महिन्याला दीड टन. १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच असा बाजारात मिळणारा जाड प्लॅस्टिक कापडाचा बेड तेवढ्यात भरतो. एक बेड रिकामा व्हायला दोन महिने लागतात आणि त्याच्या आधी पंधरा दिवस शेण मुरवायचे असते. म्हणून तीन बेड: एक भरतोय, एक चालू आहे, एक काढायला आलाय. दोन जनावरांच्या गोठ्याला दोन बेड पुरतात. एका बेडातून सहाशे-सातशे किलो खत निघते. ते किती ओले आहे यावर आकडा मागेपुढे होतो.

जागा आणि बेड

सावली हवी आणि पाणी साचता कामा नये, या दोन अटी. कडुलिंबाखाली, चिंचेखाली किंवा गोठ्याच्या मागच्या बाजूला उसाच्या पाचटाचे नाहीतर कडब्याचे छप्पर घालून चालते. पत्रा घालणार असाल तर तो उंचावर घ्या आणि वर पाचट टाका. वैशाखात नुसत्या पत्र्याखाली बेड शिजतो. कोकणात उलटी गरज असते: उन्हापेक्षा पावसाचा मारा अडवायचा, म्हणून छपराच्या पडव्या खाली उतरवायच्या आणि बेड जमिनीपासून विटांच्या थरावर उचलून घ्यायचा.

विटांचा हौद बांधायलाच हवा असे नाही. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, नाहीतर मधोमध हात पोहोचत नाही. उंची दीड ते दोन फूट. त्यापेक्षा उंच ढीग स्वतःच्या वजनाने दबतो, आत हवा जात नाही आणि तापतो. तळाला एका बाजूला थोडा उतार द्या आणि तिथे निचऱ्याचे भोक ठेवा. तयार बेडाला जाळीच्या खिडक्या असतात, त्या बंद करू नका.

शेण मुरवणे

ताज्या शेणात दोन गोष्टी गांडुळाला मारतात: उष्णता आणि अमोनिया. शेणाचा ढीग घातला की जिवाणू कामाला लागतात आणि दोन-तीन दिवसांत आतले तापमान ५० अंशांच्या पुढे जाते. गांडुळाला २० ते ३० अंश मानवते, ३५ च्या वर ते पळ काढते किंवा मरते. मूत्र मिसळलेले शेण असेल तर अमोनिया इतका सुटतो की ढीग उकरताना आपल्याही डोळ्यांना झोंबतो. गांडूळ ओल्या कातडीतूनच श्वास घेते, तेव्हा त्याचे काय होत असेल ते ओळखा.

ही उष्णता वाईट नाही, ती बेडात नको इतकेच. ढीग चांगला तापला तर तणांचे बी मरते आणि अळ्यांची अंडी मरतात. शेणखतातून शेतात हुमणी, म्हणजे पिकाची मुळे खाणारी अळी, जाते अशी आपली तक्रार असते, ती कच्च्या शेणखताची. म्हणून ढीग मुद्दाम तापू द्या, पण बेडाबाहेर.

माझी पद्धत अशी. गोठ्याशेजारी सावलीत सहा-सात दिवसांचे शेण साठवतो. त्यात काडीकचरा मिसळतो: तीन पाट्या शेणाला एक पाटी कचरा. कचरा म्हणजे गव्हाणीत उरलेला चघाळा, सोयाबीनचा भुसा, पाचटाचे तुकडे, कडुलिंबाचा आणि करंजाचा पाला, उसाच्या किंवा केळीच्या पट्ट्यात केळीचे खुंट. तुराट्या आणि पऱ्हाट्या तुकडे केल्याशिवाय घालू नका, त्या वर्षभर तशाच राहतात. नुसते शेण भरले तर ते चिकट गोळा होऊन आत हवा जात नाही. काडीकचरा तिथे पोकळी धरतो आणि शेणातल्या नत्राला (नायट्रोजनला) लागणारा कर्बही (कार्बनही) पुरवतो.

ढीग कमरेएवढा लावतो, पाणी मारतो, वर पाचट झाकतो. पाचव्या दिवशी फावड्याने उलटतो: बाहेरचे आत, आतले बाहेर. दहाव्या दिवशी पुन्हा. उलटताना वाफ निघते, कोरडे वाटले तर पाणी देतो. पंधराव्या दिवसापर्यंत रंग हिरवट-पिवळ्याचा तपकिरी होतो आणि झोंबणारा वास जाऊन ओल्या मातीसारखा वास यायला लागतो. हिवाळ्यात आणखी आठवडा धरा.

तयार झाले का, हे ओळखायच्या दोन चाचण्या आहेत. पहिली सळईची. लोखंडी सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी ओढून आतले टोक मुठीत धरा. गरम लागले तर ढीग अजून तयार नाही. दुसरी चाचणी मी कधीच चुकवत नाही. एका घमेल्यात त्या ढिगातले शेण घ्या, वर दहा गांडुळे ठेवा, ओले फडके टाका. चोवीस तासांनी उकरा. दहाही आत शिरून हालचाल करत असतील तर बेड भरा. कडेला येऊन बसली असतील, घमेल्याबाहेर गेली असतील किंवा सुतासारखी मऊ पडली असतील, तर ढीग उलटून पाच दिवस थांबा. दहा गांडुळांची ही चाचणी केली असती तर माझी पहिली दोन किलो वाचली असती.

शेण कोणत्या जनावराचे, यानेही फरक पडतो. गाई-म्हशीचे सगळ्यात सोपे. शेळ्यांच्या लेंड्या वरून कडक आणि आतून उष्ण असतात. त्या दोन दिवस पाण्यात भिजवून, दांडक्याने फोडून मगच ढिगात घाला आणि एकूण मालाच्या चौथाईपेक्षा जास्त नको. कोंबड्यांची विष्ठा अमोनियाने भरलेली असते. ती वेगळी दोन-अडीच महिने कुजवा, मग थोडीथोडी मिसळा.

आता औषधांबद्दल, कारण याकडे फार कमी जण लक्ष देतात. गोचिडांसाठी आणि जंतांसाठी जनावराला आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात, ते बहुतांश शेणातून बाहेर पडते. त्या जनावराचे शेण महिनाभर बाजूला काढा, वेगळे कुजवा, बेडात घालू नका. इतर जंतनाशकांनंतरही मी दोन आठवडे थांबतो. गोठ्याच्या जमिनीवर गोचीडनाशक फवारले असेल किंवा फिनेल टाकून धुतले असेल, तर त्या दिवसांचे खरडलेले शेण आणि धुवणाचे पाणी बेडापासून लांब ठेवा. गोठ्याची मूत्राची नाली तर ढिगाकडे वळवूच नका. मूत्र वेगळे साठवून पाण्यात मिसळून शेताला देता येते.

बेड भरणे आणि गांडुळे सोडणे

तळाला तीन-चार इंच जाड काडीकचरा: पाचट, नारळाची सोडणे, नाहीतर तुराट्यांचे तुकडे. यातून जास्तीचे पाणी निचरते. त्यावर दोन-तीन इंच जुने कुजलेले शेणखत, म्हणजे काही बिनसले तर गांडुळांना पळून बसायला थंड जागा राहते. मग मुरलेला माल दीड फुटापर्यंत, पोकळ हाताने, न दाबता. एकदोन मुठी बागेतली माती शिंपडा. गांडुळाला दात नसतात, पोटातल्या जात्यासारख्या भागात मातीचे कण अन्न दळायला उपयोगी पडतात.

पाणी मारून एक दिवस तसेच ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गांडुळे वर पसरून सोडा. एका बेडाला तीन ते पाच किलो असली तर दोन महिन्यांत खत हाती येते. कमी असली तर पहिली खेप तीन महिने खाते, पुढच्या खेपा आपोआप लवकर होतात. गांडुळे हाताने खाली दाबू नका. माल चांगला असेल तर अर्ध्या तासात ती स्वतः आत जातात, कारण उजेड त्यांना सोसत नाही. वरच पडून राहिलेली दुखावलेली असतात, ती उचलून टाका. मग ओले गोणपाट झाका.

पाणी

मुठीत माल घेऊन दाबा. बोटांमधून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर जास्त, मूठ उघडल्यावर माल भुरभुरला तर कमी. दर दोन दिवसांनी तळापर्यंत हात घालून ही परीक्षा करा, कारण वरून ओला दिसणारा बेड आतून कोरडा निघतो. आमच्याकडे मार्च ते मे सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी आणि गोणपाट सतत ओले. हिवाळ्यात एक दिवसाआड. पावसाळ्यात कित्येक दिवस पाणी द्यावेच लागत नाही. पाइपने धार सोडू नका. पाणी तळाला साचले की हवा संपते, माल आंबतो, कुजक्या अंड्यासारखा वास येतो आणि गांडुळे वर येऊन कडा चढायला लागतात. तसे झाले तर गोणपाट काढा, काटेरी फावड्याने वरचा थर हलका करा, कोरडा पाला मिसळा आणि निचऱ्याचे भोक मोकळे आहे का बघा.

मुंग्या, गोम, उंदीर, कोंबड्या

लाल मुंग्या सगळ्यांत वाईट. त्या कोरड्या बेडात घर करतात, म्हणून पहिला उपाय ओल राखणे. बेडाभोवती वीतभर रुंद चर काढून त्यात पाणी ठेवले की बाहेरून येणाऱ्या थांबतात. बेड बांबूवर किंवा विटांवर असेल तर प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवा. निंबोळी पेंडीची पूड चराच्या बाहेर टाका. मुंग्यांची कीटकनाशक पावडर बेडाजवळ आणू नका, ती पहिल्यांदा गांडुळालाच लागते. कोंबड्या आणि पक्ष्यांसाठी शेडनेट, उंदीर-घुशींसाठी तळाला बारीक लोखंडी जाळी. माल हलवताना गोम दिसली की चिमट्याने काढून टाका. इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर त्याही वेचा, आमच्या कोंबड्या त्यांवर तुटून पडतात.

खत काढणे

वरचा थर चहापूडसारखा काळसर, रवाळ आणि वास नसलेला झाला की खालचेही होत आले समजा. साधारण पन्नासाव्या दिवसापासून पाणी बंद करा. चार-पाच दिवसांत वरचा भाग सुकतो आणि गांडुळे ओलीकडे, खाली उतरतात. वरचे खत हाताने किंवा लाकडी फळीने ओढून घ्या. टोकदार फावडे नको, गांडुळे तुटतात. तुटलेल्या दोन तुकड्यांची दोन गांडुळे होतात असे म्हणतात, तसे होत नाही.

शेवटच्या थरात गांडुळे दाट असतात. तो माल उजेडात प्लॅस्टिकच्या कागदावर शंकूसारखा ढीग लावून ठेवा. उजेड टाळायला ती मध्यात जाऊन बसतात, कडेचे खत काढत जा, शेवटी हाताशी गांडुळांचा गोळा उरतो. दुसरी युक्ती म्हणजे रिकाम्या होणाऱ्या बेडात एका बाजूला मुरलेल्या शेणाचा नवा ढीग लावायचा. आठवड्याभरात बहुतेक गांडुळे तिकडे जातात.

काढलेले खत सावलीत पसरून ४ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा. चाळणीवर उरलेला जाड भाग आणि कोष पुन्हा नव्या बेडात. खत उन्हात कडकडीत वाळवू नका. विकण्याच्या गांडूळखतात खत नियंत्रण आदेशाप्रमाणे १५ ते २५ टक्के ओल असावी लागते, घरच्या खतालाही तीच बरी. पोत्यात भरून सावलीत ठेवा आणि वर्षाच्या आत वापरा.

वर्मीवॉश

वर्मीवॉश म्हणजे गांडुळांच्या बेडातून झिरपलेले, पिकावर फवारायचे पाणी. पण बेडाच्या निचऱ्यातून येणारे प्रत्येक काळे पाणी म्हणजे वर्मीवॉश नव्हे. नव्या, अर्धकच्च्या बेडातून जास्त पाण्यामुळे गळणारे पाणी आंबूस असते, ते पिकावर फवारू नका, ढिगावर टाका. माल तयार होत आल्यावर थेंबथेंब झिरपणारे मधासारख्या रंगाचे, घाण वास नसलेले पाणी साठवा आणि दहापट पाण्यात मिसळून, गाळून संध्याकाळी फवारा.

शेतात किती द्यायचे

इथे मोकळेपणाने बोलायला हवे. चांगल्या गांडूळखतात सुमारे दीड टक्का नत्र असते. एकरी एक टन खत टाकले म्हणजे पंधरा किलो नत्र, साधारण ३३ किलो युरियाएवढे, आणि खत ओले असेल तर त्याहूनही कमी. संकरित ज्वारीची किंवा उसाची पूर्ण भूक यावर भागत नाही. खताचा खरा फायदा जमिनीच्या पोतात आहे: ओल धरते, मुळ्या मोकळ्या पसरतात, रासायनिक खताची मात्रा हळूहळू कमी करता येते. म्हणून माझे खत मी सगळ्या रानावर विखरत नाही. भाजीपाल्याला एकरी दोन टन, कडधान्याला पेरणीच्या ओळीत एक टन. डाळिंबाच्या मोठ्या झाडाला बहार धरताना पाच किलो, खोडापासून लांब, पानांच्या सावलीच्या कडेला चर काढून, वर माती आणि पाचट. कुंडीसाठी तीन वाटे माती, एक वाटा खत. युरिया आणि गांडूळखत एकत्र कालवून देऊ नका, दोन्हींत आठ-दहा दिवस ठेवा.

बेडातली गांडुळे खताबरोबर शेतात गेली तर तिथे फार दिवस टिकत नाहीत, त्यांना मातीपेक्षा शेण-पाला लागतो. ती चाळणीतच वेगळी करून परत आणा. बेड रिकामा झाला की तळाचे दोन-तीन इंच खत तसेच ठेवायचे, त्यात कोष असतात, आणि दुसऱ्याच दिवशी मुरवून ठेवलेला ढीग वर चढवायचा. आमच्याकडे अमावास्येला बैलाला सुट्टी असते. बेड भरायचे काम मी त्या दिवसाला धरून ठेवले आहे, त्यामुळे महिना चुकत नाही.